हिरामण पैलवानांचा डावा हात

हिरामण पैलवानांना आखाड्यात उतरायला नऊ मिनिटे लागत. हा आकडा अंदाजाचा नाही. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत नंबर आला म्हणून वडिलांनी मला घेऊन दिलेल्या घड्याळात स्टॉपवॉच होते, आणि सातवीत असताना मी शाळेच्या गच्चीवरून ती मिनिटे मोजली होती. गच्चीवरून अशासाठी, की यात्रेच्या कुस्त्या बायका-मुलींनी जवळून पाहायच्या नाहीत असा आमच्या गावात एक न लिहिलेला नियम होता. मला त्याचा फायदाच झाला. खाली बसलेल्यांना पुढच्याच्या टोपीआडून जेवढे दिसे त्याहून कितीतरी अधिक मला वरून दिसे.

पहिली दोन मिनिटे नुसती हलगी वाजे. पैलवानांचा पत्ता नसे. मग देवळामागून ट्रॅक्टरची ट्रॉली येई. तिच्यात डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्यावर गुलाबी फेटा आणि खांद्यांवर बिबट्याच्या ठिपक्यांची मखमली झूल घेतलेले हिरामण पैलवान उभे असत. ते उतरत, आखाड्याला एक पूर्ण फेरी मारत, म्हाताऱ्या वस्तादांच्या पाया पडत. अंगावरची झूल काढून तिची चौपदरी घडी घालत, आणि गर्दीत जो माणूस सर्वांत आंबट तोंडाने बसलेला असेल त्याच्या मांडीवर ती अलगद ठेवत. त्यानंतर शंभर किलोंचा तो देह मागच्या मागे कोलांटी मारून मातीत उभा राही आणि शड्डू ठोकी. हात मांडीवर पडलेला मला आधी दिसे, आवाज किंचित मागून येई. प्रकाश आणि ध्वनी यांच्या वेगांतला फरक मी पुस्तकाआधी तिथे शिकले.

प्रतिस्पर्धी या सगळ्या वेळात मातीत उभा राहून गार पडलेला असे. हा हेतू होता का, असे मी पुढे कधीतरी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "कुस्ती दोन मिनटात संपती. दोन डोंगर उतरून पावणं आलेलं असतं. त्याला काय दोन मिनटं दाखवून घरी धाडायचं?"

आमचे गाव घोडनदीच्या काठी, आंबेगाव तालुक्यात. आमच्या आणि त्यांच्या शेताला एकच बांध. मी त्यांना नाना म्हणत असे. त्यांचे सबंध चरित्र सांगण्याइतकी माहिती माझ्याकडे नाही, आणि जी आहे तिच्यातली निम्मी त्यांनीच दिलेली असल्यामुळे ती पडताळून घ्यावी लागेल. निरीक्षणे मात्र आहेत. त्यांचे दोन्ही कान मोडून वडीसारखे झालेले होते. मिशी दर पंधरवड्याला काळी होई. अंगाला अत्तर असे. कांद्याला पाणी देतानाही असे. ते स्वतःविषयी बोलताना 'बिबट्या' म्हणत: बिबट्याला आज ताप आलाय, बिबट्या मंचरला चाललाय, काही आणायचं का. त्यांच्या पत्नी मंदाकाकू हे सगळे शांतपणे ऐकत आणि अधूनमधून एखादे वाक्य सोडत. "ह्यांच्या मिशीला जेवडा रंग लागला, तेवड्यात घराला दोनदा व्हाइटवॉश झाला असता." नाना यावर प्रसन्नपणे हसत. आपल्यावर विनोद झाला म्हणजे आपल्याकडे लक्ष आहे, असा त्यांचा हिशेब असावा.

ही झूल आली उत्तरेतून. ऐन उमेदीत ते दोन वर्षे तिकडच्या एका कंपनीत होते. दोरांचे रिंगण, रंगीत दिवे, तोंडावर मुखवटे आणि आधी ठरलेले निकाल, असा तो धंदा. कंपनीच्या मॅनेजरने त्यांचे नाव 'जुन्नर का तेंदुआ' ठेवले. आपला तालुका आंबेगाव आहे, हे नानांनी त्याला समजावून सांगितले. "आंबेगाव से कौन डरेगा?" असे तो म्हणाला म्हणे. बिबटे जुन्नरच्या नावावर गाजलेले आहेत, हे त्या परप्रांतीयालाही ठाऊक होते. नाना दोन वर्षांनी परतले ते झूल, काळा चष्मा आणि हिंदीतली दहा-बारा भारदस्त वाक्ये घेऊन. गावाने जुन्नरचे नाव लावल्याबद्दल त्यांना बरेच दिवस टोचले आणि मग झुलीची सवय करून घेतली.

झुलीचा एक प्रसंग सांगणे भाग आहे. मी नववीत होते. त्या साली बिबट्याने शेजारच्या वाडीतल्या दोन शेळ्या नेल्या होत्या आणि ऊस तोडायला कुणी एकटे जात नव्हते. त्या दिवसांत बिबट्या हा शब्द गावात चेष्टेने उच्चारला जात नसे. मंदाकाकूंनी ती झूल वर्षानुवर्षांच्या मातीसकट धुवायला काढली आणि नवऱ्याला न सांगता उसाच्या कडेच्या बोरीवर वाळत घातली. उन्हे कलल्यावर गवत कापायला गेलेल्या दोघींना उसाच्या तोंडाशी दबा धरून बसलेले जनावर दिसले. फोन गेले, पोरे माड्यांवर चढली, वनखात्याची गाडी पिंजरा घेऊन आली. शंभरेक माणसे बांधापासून दूर उभी होती, आणि सर्वांच्या पुढे, हातात काठी घेऊन, मागच्यांना गप्प राहायच्या खुणा करत, स्वतः हिरामण पैलवान होते.

वनरक्षक त्यांना मागे ओढत होता. नाना त्याला बाजूला सारून एकेक पाऊल टाकत निघाले. यात देखावा नव्हता, हे मी खात्रीने सांगते. त्यांच्या मानेच्या मागचा घाम मला दिसत होता. दहा पावलांवर ते थबकले. बराच वेळ हलले नाहीत. लोकांना वाटले, जनावराने नजर धरली. वस्तुस्थिती अशी होती, की त्यांना आपली झूल ओळखू आली होती आणि आता शंभर माणसांदेखत काय करावे याचा ते विचार करत होते. मग त्यांनी काठी फेकली, एक आरोळी ठोकली आणि बोरीवर झेप घेतली. झुलीसकट ते मातीत आले, चार लोळणी घेतली, एकदा खाली गेले, एकदा वर आले, आणि शेवटी तिला चीत करून, काट्यांनी सोललेल्या अंगाने, ती खांद्यावर टाकून उभे राहिले.

लोक हसून हसून बांधावर बसले. वनरक्षक तेवढा चिडला होता. "पंचनामा कशाचा करू मी, राव?" असे तो पुन्हा पुन्हा विचारत होता. मंदाकाकू म्हणाल्या, "लिवा की, नर हाय म्हणून."

त्या झटापटीला गावात आजही नानांची सर्वांत चांगली नुरा कुस्ती म्हणतात. नुरा म्हणजे दोघांनी आधी ठरवून केलेली कुस्ती. कोण कधी पडणार, कोणत्या डावाने पडणार, हे फेटे बांधतानाच पक्के झालेले असते. उरते ते लोकांना पटवणे. यात्रांच्या हंगामात पैलवान एका महिन्यात वीस-वीस मैदाने करतो. प्रत्येक ठिकाणी हाडे मोडून घेतली तर पोट चालणार नाही, म्हणून ती असते. सगळ्यांना ठाऊक असते, आणि आपल्या गावात झाली असे कोणी कबूल करत नाही. नानांबद्दल तर संशय ठरलेलाच. जो माणूस नऊ मिनिटे नाटक करतो तो दहाव्या मिनिटाला खरा कसा होईल, असा तो साधा तर्क होता.

या तर्काचा निकाल मी दहावीत असताना लागला. आमच्या यात्रेतली शेवटची, मानाची कुस्ती हिरामण पैलवान आणि जुन्नरकडचे सोपान पैलवान यांच्यात लागली होती. सोपान अबोल, काळेसावळे, कसलाही डौल नसलेले. नऊ मिनिटांचा सोहळा नेहमीसारखा पार पडला. कुस्ती एक मिनिटही चालली नाही. सोपान पैलवानांनी ढाकेचा डाव मारला, नानांचा डावा हात पकडीतून उघडला आणि ते सरळ पाठीवर आले. मी गच्चीवर होते. मला त्यांचा चेहरा दिसत होता. क्षणभर तो अगदी रिकामा होता. मग ते उठले, मातीला नमस्कार केला, आणि हसले. हसतच, उजव्या हाताने लोकांना रामराम करत, आखाड्याबाहेर गेले.

त्या हसण्याने सगळे बिघडले. हरलेला माणूस हसत नाही, विकला गेलेला हसतो, असे लोकांनी धरले. "किती घेतलं रं, बिबट्या?" असा एक आवाज आला आणि पाठोपाठ ढेकळे आली. यात्रा कमिटीचे प्रमुख माझे चुलते, आप्पा. त्यांनी माइकवरून जाहीर केले, की या पैलवानाला यापुढे गावाचा फेटा मिळणार नाही. म्हणजे आमच्या मातीत कुस्ती नाही आणि, पुढे वय झाल्यावर, पंच म्हणूनही उभे राहणे नाही.

नाना बाकीच्या गावांमधून आणखी आठ वर्षे लढले, आणि चांगले नाव करून लढले. करोनात यात्रा बंद झाल्या, तिथे त्यांची कुस्ती संपली.

पंच होणे म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगायला हवे. पंचाला मानधन जवळजवळ नसते. पण निवृत्त पैलवानाला मातीत पाय ठेवण्याचा तेवढा एकच मार्ग उरतो. दोन पंच आत उभे राहतात, वाकून पाठ लागली की नाही ते पाहतात, आणि त्यांनी हात वर केला की निकाल झाला. त्यावर आप्पांचेही काही चालत नाही. ज्याला हे मिळत नाही तो दोराच्या बाहेर, शेंगा खाणाऱ्या पाहुण्यांत बसतो. नाना तसे कधी बसले नाहीत. यात्रेच्या दिवशी ते सकाळीच आंघोळ करून, पांढरे कपडे घालून, मिशी नीट करून ओट्यावर येऊन बसत. दुपारी भोंग्यावरून पंचांची नावे वाचली जात. आमच्या बांधापर्यंत ती स्पष्ट ऐकू येत. शेवटचे नाव होईपर्यंत ते हलत नसत. मग उठून कपडे बदलत आणि कांद्याला पाणी द्यायला जात. सलग तीन वर्षे मी हे पाहिले. मंदाकाकूंना त्या वेळी विनोद सुचत नसत.

माझ्या संशोधनाचा विषय स्नायूंचा जोर. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी पुण्याहून हाताची पकड मोजणारे यंत्र घेऊन महिनाभर गावी आले. शेतकरी, कोळी, पैलवान अशा वेगवेगळ्या लोकांची पकड मला हवी होती. डिंभ्याच्या धरणावर जाळी ओढणाऱ्यांपासून आहुप्याकडच्या भात लावणाऱ्या बायकांपर्यंत शंभरावर हात मोजून झाल्यावर मी नानांच्या ओट्यावर गेले. त्यांनी आधी यंत्राचे निरीक्षण केले, मुठीत धरून कसे दिसते ते पाहिले, आणि उजव्या हाताने दाबले. बावन्न किलो. त्यांच्या वयाला उत्तमच. डाव्याला मी तयार झाले तर ते म्हणाले, "एकच पुरं की."

मी म्हटले, माझ्या तक्त्यात दोन रकाने आहेत. रकाना रिकामा ठेवणे मला आवडत नाही.

डावा हात चौदा भरला. मी तीनदा मोजला. चौदा, तेरा, चौदा. एवढा फरक उजवे-डावेपणाने पडत नाही. मानेतली शीर दाबली गेली की असे होते, हे मला पाठ होते. कधीपासून, असे मी विचारले. मंदाकाकू उठून आत गेल्या. नानांनी नेहमीच्या आवाजापेक्षा बऱ्याच खालच्या आवाजात सांगितले, की सोपान पैलवानांशी कुस्ती लागली त्याच्या तीन आठवडे आधीपासून. मानेवर आपटल्याचे निमित्त झाले. हातात वीज सळसळायची आणि बोटे उघडायची. ढाक आली तेव्हाही तेच झाले. कुस्ती खरी होती; ते खरेच हरले होते.

मग हसलात कशासाठी, हा माझा पुढचा प्रश्न होता.

"हात लोंबत व्हता," ते म्हणाले. "हसलो नसतो तर लोकांनी हाताकडं बघितलं असतं."

मला ते समजायला वेळ लागला. हात गेलेल्या पैलवानाला कोणत्याही गावात कुस्ती मिळत नाही. नुरा खेळणाऱ्याला मिळते. उलट जास्त मिळते, कारण तो भरवशाचा असतो. त्यांनी लबाड म्हणवून घेणे पसंत केले, कारण लबाडीवर आणखी काही वर्षे मातीत राहता येणार होते. पुढची आठ वर्षे एका हाताने लढून ते जिंकत राहिले. ते कसे, हे विचारण्याची खरे तर गरज नव्हती.

"समोरची पोरं माझ्याकडनं न्हाई पडली, पोरी. माझ्यासाठी पडली. मी सांगितलं, बाबा हात गेलाय, एवडी चार वर्सं निभवा. कुनी न्हाई म्हनलं न्हाई."

मी तिथेच सुचवले, की हे आकडे आप्पांना दाखवू. दबलेली शीर मानेच्या तपासणीतही दिसेल. ती एक हार खरी होती हे सिद्ध झाले तर बंदीचे कारणच उरत नाही. नानांनी हे माझ्याआधी शंभर वेळा मांडून पाहिलेले होते. ती हार खरी ठरवायची तर तिच्यानंतरचा प्रत्येक विजय खोटा ठरत होता. पंचाचा फेटा मिळण्यासाठी त्यांना आपली निम्मी कारकीर्द स्वतःच्या तोंडाने पुसावी लागणार होती. शिवाय जे त्यांच्यासाठी पडले त्यांच्यातल्या काहींच्या आता तालमी होत्या, शिष्य होते. मला यातून मार्ग दिसला नाही, तसे मी सांगितलेही. त्यांनी मान हलवली आणि यात्रेला येताना हे यंत्र बरोबर आणशील का, एवढे विचारले. मी त्याचा अर्थ लावला नाही.

चैत्रातल्या यात्रेला मी आले. मला परदेशी विद्यापीठात जागा मिळाली होती. जायला पाच आठवडे उरले होते. आमच्याकडे आता मुलींच्याही कुस्त्या लागतात, त्यामुळे गच्चीचा नियम आपोआप मोडला आहे, आणि मी प्रथमच दोराच्या अगदी जवळ बसले. पंचांची नावे भोंग्यावरून वाचली गेली. पहिले नाव सोपान वस्तादांचे होते. त्या एका मिनिटाच्या कुस्तीने त्यांचे आयुष्य उभे केले होते. जुन्नरकडे त्यांची मोठी तालीम होती, आणि हिरामण पैलवान पाठीवर पडलेले आहेत असा फोटो तिच्या भिंतीवर आहे असे ऐकून होते. आमच्या कमिटीने त्यांना त्या सालापासून दर वर्षी मानाने बोलावले होते.

शेवटचे नाव वाचून झाले, आणि नाना गर्दीतून पुढे आले. साधे पांढरे कपडे, डोक्याला काही नाही. त्यांनी आप्पांकडे माइक मागितला. आप्पांनी तो दिला, बहुधा चकित झाल्यामुळे.

ते फार थोडे बोलले. सोपान वस्तादांबरोबरची आपली कुस्ती खरी होती. डावा हात तेव्हा गेलेला होता. त्यानंतर आपण जिंकलेली प्रत्येक कुस्ती नुरा होती. दोष आपला एकट्याचा आहे आणि दुसऱ्या कुणाचे नाव आपण घेणार नाही. एवढे सांगून त्यांनी मला हाक मारली. यंत्र माझ्या पिशवीत होते. हजारभर माणसांसमोर त्यांनी ते दोन्ही हातांनी एकेकदा दाबले आणि मी माइकवर वाचले: उजवा पन्नास, डावा तेरा.

मागून कुणीतरी म्हणाले, "मुद्दाम दाबंना झालाय." हशा पिकला.

मला याचा राग यायला हवा होता. पण तो आक्षेप शास्त्रीयदृष्ट्या बिनचूक होता. यंत्र जोर मोजते. माणूस मनापासून दाबतो आहे की नाही हे ओळखण्याच्या चाचण्या असतात. त्या मी केलेल्या नव्हत्या, कारण नाना मला फसवतील ही शक्यता मी धरली नव्हती. गावाने ती धरली. आयुष्यभर खोटे पडणे आणि खोटे पाडणे ज्याने केले त्याची अशक्तताही गावाला एक सोंग वाटत होती. "आता हाताचा नुरा," असे कुणीतरी म्हणाले आणि हशा पुन्हा उठला. नाना मातीच्या कडेला उभे होते. त्यांनी हसून दाखवले नाही.

तेव्हा सोपान वस्ताद उठले. ते सावकाश चालत आले, नानांचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि उलटा-पालटा करून पाहिला. मग अंगठा आणि पहिले बोट यांच्या मधल्या जागी त्यांनी स्वतःचा अंगठा दाबला. पैलवानाच्या हाताला तिथे मांसाचा गोळा असतो. नानांच्या हाताला खड्डा होता, वस्तादांचा अंगठा निम्मा आत गेला. मी तो हात तीनदा मोजला होता आणि एकदाही त्याच्याकडे पाहिले नव्हते.

वस्तादांनी हात लगेच सोडला नाही. त्यांना काय कळले होते ते उघड होते, आणि त्यात त्यांचे काय जाणार होते तेही.

"हे मांस सोंगानं जात न्हाई," ते आप्पांना म्हणाले. माइक लांब होता. पुढच्या रांगांनीच ऐकले असेल. "मी एका हाताच्या मानसाला पाडलं व्हतं. आज कळलं." आणि ते जाऊन आपल्या जागेवर बसले.

आप्पा हे शब्दाला पक्के माणूस आहेत, पण त्यांना पुरावा ओळखता येतो. त्यांनी कमिटीच्या चौघांकडे पाहिले, जादाचा फेटा नव्हता म्हणून स्वतःचा काढून नानांच्या हातात दिला आणि सांगितले, एक कुस्ती. शेवटची. ती तुझ्या निकालाने.

शेवटची कुस्ती ऊन उतरल्यावर लागली. दोघे पंचविशीतले गडी होते; एक मंचरकडच्या तालमीतला, दुसरा सोपान वस्तादांचा पट्टशिष्य. दोघेही देखणे, चपळ. पहिल्या मिनिटापासून मैदान उभे राहिले. एकाने पट काढला की दुसरा निसटे, दुसऱ्याने उचलले की पहिला हवेतच पालटे. शिट्ट्या, टोप्या, गुलाल. मी स्वतः जागेवरून उठले होते. नाना वाकून त्यांच्याभोवती फिरत होते, त्यांच्यापासून हातभर अंतरावर. सातव्या-आठव्या मिनिटाला त्यांनी उजवा हात मध्ये घातला आणि दोघांना सोडवले.

हलगी थोडा वेळ तशीच वाजत राहिली आणि मग थांबली. त्यामुळे पुढचे सर्वांना ऐकू गेले.

"तुमी एकमेकाला दम खायाला येळ देताय," नाना म्हणाले. "एक सोडतो तवा दुसरा धरतो. खऱ्या कुस्तीत कुनी कुनाला दम खाऊन देत न्हाई. मी हेच केलंय आठ वर्सं. मला नका शिकवू."

दोघांनी एकमेकांकडे पाहिले, आणि मग वस्तादांच्या शिष्याने आपल्या गुरूकडे. वस्ताद खाली मातीकडे पाहत होते. त्यांनी मान वर केली नाही. गर्दीतून ओरडा सुरू झाला होता: कुस्ती चालू ठेवा, रंगात आलेली मोडली, ह्याला कुणी घातलं आत. आप्पा माइकवरून नानांना बाजूला बोलावत होते. पहिले ढेकूळ त्यांच्या पाठीवर बसले, दुसरे फेट्यावर. नाना जागचे हलले नाहीत. त्यांनी मूठभर माती उचलून दोघांच्या हातांवर घातली.

"परत लागा. आता खरी," ते म्हणाले. "न्हाईतर दोघंबी घरी जावा."

दोघे बराच वेळ उभे राहिले. मग वस्तादांच्या शिष्याने हात चोळले आणि डोके पुढे घातले.

खरी कुस्ती दिसायला अगदी कंटाळवाणी असते, हे मला त्या दिवशी कळले. पंधरा मिनिटे काहीही घडले नाही. डोक्याला डोके लावून, मानेवर हात टाकून ते दोघे एकमेकांना रेटत होते; पाय दोन बोटे पुढे, दोन बोटे मागे. एकाच्या नाकातून रक्त येत होते. शिट्ट्या थांबल्या. पाळण्याकडचे दिवे लागले तशी पोरे उठली, मग बायका, मग पाहुणे. हलगीवाल्याने हलगी काखेत मारली. आप्पांनी माइक ठेवून दिला.

मला मंचरहून पुण्याची गाडी धरायची होती. निघताना मी वळून पाहिले. आखाड्याभोवती वीस-पंचवीस माणसे उरली असतील. सोपान वस्ताद आता मान वर करून बसले होते. ते दोघे तसेच जखडलेले होते. आणि त्यांच्या पायाशी, सदऱ्यावर ढेकळांचे डाग, सुटलेला फेटा एका खांद्यावर, असे नाना मातीत उकिडवे बसून, मान तिरकी करून, त्यांच्या खांद्यांखालच्या अंधारात काय चालले आहे ते पाहत होते.